दुसाने बाईंची बटणं

"आता नुसतं 'का बरं?' घे," दुसाने बाई म्हणाल्या.

मी हेडफोन कानावरून थोडा सरकवला. "नुसतं?"

"नुसतं. पुढे-मागे काही नको. आणि दोनदा घे. एकदा मुलाला खरंच काहीतरी सुचलंय तेव्हाचं, आणि एकदा तो ठोकून देतोय तेव्हाचं."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. बाईंनी माइककडे न बघता खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "का बरं?" मग थोडं थांबून पुन्हा, "का बरं?" शब्द तेच, पण दुसऱ्या खेपेला भुवई वर गेलेली ऐकू येत होती.

"झालं? आता 'नीट सांग' घे. मग 'मागच्या बाकावरून कोण बोललं?' घे."

हे सगळं बाष्पीभवनाच्या मॉड्यूलमध्ये कुठे बसणार, ते मला कळेना. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बसेल. तू घे तर खरं."

धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या ई-लर्निंग विभागात तेव्हा मी काम करत होते. विभाग म्हणजे संस्थेच्या कार्यालयामागची जुनी भांडारखोली, एक कॉम्प्युटर, एक बरा माइक आणि मी. भिंतींना गाद्या ठोकून त्याचा स्टुडिओ केला होता. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा, म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. मे महिन्यात धुळ्यात पंखा बंद ठेवून बसणं काय असतं, हे बसलेल्यालाच माहीत. संस्थेनं ठरवलं होतं की जूनच्या आत आठवी ते दहावीचे सगळे विषय ऑनलाइन करायचे. एकेक शिक्षक यायचे, पुस्तकातला धडा वाचायचे, घाम पुसत निघून जायचे. मी त्या आवाजामागे स्लाइड लावायचे, जिथे जमेल तिथे चित्र हलतं करायचे, शेवटी छोटी प्रश्नमंजूषा जोडायचे आणि बरोबर उत्तर आलं की 'अभिनंदन' असं हिरव्या अक्षरांत उगवायचं. कोठावदे सर आमचे प्रमुख. त्यांनी एक साचा ठरवून दिला होता. व्हिडिओ लांबता कामा नये, मध्ये शांतता नको, शांतता आली की मुलं बंद करतात.

दुसाने बाई आठवीला विज्ञान शिकवायच्या. बारीक अंगाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज जरा घोगरा. सोबत गरम पाण्याचा थर्मास असायचा. इतकी वर्षं शिकवून बहुतेक शिक्षकांचा घसा बसतो, तसाच हाही असेल असं मी धरून चालले होते.

बाई इतर शिक्षकांसारख्या नव्हत्या, हे पहिल्याच दिवशी दिसलं. रेकॉर्डिंग झाल्यावर त्या उठून गेल्या नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या निळ्या रेघांकडे बघत राहिल्या.

"हा माझा आवाज?"

"हो. उंच रेघ म्हणजे मोठा आवाज. सपाट रेघ म्हणजे शांत."

"हे गवतासारखं बारीक काय आहे?"

मी तेवढाच भाग वाजवला. "सगळ्यांनी" या शब्दातला 'स' होता तो.

"आणि इथे मध्येच रिकामं का? मी तर बोलत होते."

तो शब्द होता 'आपण'. 'आ' आणि 'प' यांच्यामध्ये खरंच एक छोटी सपाट रेघ होती. मी इतके महिने हेच काम करत होते, पण ती कधी पाहिली नव्हती. बाईंनी तोंडासमोर हात धरला आणि "प, प, आप, आपण" असं स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग खुशीत आल्या.

"ओठ मिटल्याशिवाय 'प' येतच नाही. म्हणजे 'प' म्हणायचा तर आधी गप्प व्हावं लागतं. मनाली, तुला माहीत होतं हे?"

"नाही बाई."

"मलाही नव्हतं. इतकी वर्षं बोलतेय."

त्या दिवशी मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तेव्हाही त्या मध्येच ओठ मिटून काहीतरी तपासून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तयार केलेला व्हिडिओ दाखवला. आमच्याकडे एक सोय होती, एक कळ दाबली की रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या शांत जागा आपोआप कापल्या जायच्या. ती मी साच्याप्रमाणे वापरली होती. बाईंनी अर्ध्यातच थांबवायला सांगितलं.

"मी प्रश्न विचारल्यावर थांबले होते. ते कुठे गेलं?"

"ते कापलंय बाई. मध्ये काहीच नव्हतं ना."

"होतं," त्या म्हणाल्या. "तिथे मुलं बोलणार आहेत."

"पण बाई, हे मोबाइलवर बघायचं आहे. मुलगा घरी एकटा असेल."

"असेल. तरी ते परत लाव. आणि सगळ्या जागा सारख्या नको करूस. सोप्या प्रश्नानंतर मी कमी थांबलेय, अवघड प्रश्नानंतर जास्त. मोजून नाही, पण मला आतून कळतं ते."

मूळ रेकॉर्डिंग होतंच, मी जागा परत लावल्या. मग आम्ही दोघींनी ते पुन्हा ऐकलं. "ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात?" असं बाईंनी विचारलं आणि पुढे बराच वेळ काही नाही. खोलीत नुसती उकड. मला अस्वस्थ व्हायला लागलं, आणि मग माझ्याच लक्षात आलं की मी मनात उत्तर शोधतेय.

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. सकाळी आमच्या साच्यातले धडे नीट, न चुकता करून द्यायच्या. जेवणानंतर मात्र त्यांचे ते तुकडे सुरू व्हायचे. "शाब्बास." "थांब, त्याला बोलू दे." "परत विचार कर." "एक मिनिट." "या इकडे." "हे कुणाला पटत नाही?" एकेक वाक्य वेगवेगळ्या सुरांत. मध्येच त्या मला विचारायच्या, "हे चिडून बोलल्यासारखं वाटलं का?" मी हो म्हटलं की पुन्हा घ्यायच्या.

मी त्यांना एकदा म्हटलं, "बाई, 'गप्प बसा' राहिलं."

"ते मी डोळ्यांनी म्हणते," त्या म्हणाल्या.

एका दुपारी त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. वैष्णव. सुमेध. तरन्नुम. कल्याणी. ऋतुजा. दिगंबर. प्रत्येक नावानंतर थांबायच्या, पुढचं नाव घेण्याआधी त्या मुलाचा चेहरा आठवत असाव्यात. काही नावं लाडानं, काही दटावून. दिगंबर दोन्ही प्रकारे घेतला.

"ही कोण मुलं?"

"यंदाची सातवी. जूनमध्ये माझ्याकडे आठवीत येतील."

"पण हे मॉड्यूल तर सगळ्या शाळांसाठी आहे."

"ते सकाळचं. हे माझं आहे."

आता मात्र मला चैन पडेना. बाईंना काय करायचं होतं? मी नाना तर्क केले. त्यांचा मुलगा पुण्याला होता, कदाचित त्या तिकडे जाऊन राहणार असतील आणि इथल्या वर्गाला लांबून शिकवणार असतील. पण मग फोन होताच की. किंवा त्या स्वतःची शिकवणी काढणार असतील. पण "खिडकीतून बाहेर काय बघतोयस?" हे वाक्य कुठल्या ऑनलाइन शिकवणीत लागतं?

मी काही बोलण्याआधीच कोठावदे सरांना कळलं. ते एका दुपारी आत आले तेव्हा बाई 'हं' रेकॉर्ड करत होत्या. नुसतं 'हं'. एक होकाराचं, एक शंकेचं, एक 'पुढे बोल' असं सुचवणारं.

सर दारातच उभे राहिले. "बाई, हे काय चाललंय?"

"हं म्हणतेय."

"ते ऐकलं मी. भूगोलाचे शिक्षक बाहेर वाट बघतायत. स्टुडिओ एकच आहे आपला."

"माझे धडे वेळेत झालेत ना सर?"

"झालेत. चांगले झालेत. म्हणूनच म्हणतोय, आता तुमचं काम संपलं."

बाईंनी थर्मासमधलं पाणी ओतून घेतलं, एक घोट घेतला. "मला अजून चार-पाच दुपारी लागतील. पंखा नाही, कुणी दुपारी यायला मागत नाही. मी येते. मनालीला चालत असेल तर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी नक्की काय वाटलं ते आता सांगता येणार नाही. बाईंची बाजू घ्यावी असं काही नव्हतं डोक्यात. फक्त हे कशासाठी चाललंय ते कळल्याशिवाय ते थांबू नये, एवढंच होतं.

"मला चालेल सर," मी म्हटलं. "भूगोलाचं मी सकाळी लवकर येऊन करते."

सर "बघा बुवा" म्हणून गेले.

त्या चार-पाच दुपारींत बाईंचा आवाज उतरत गेला. एखादं वाक्य मध्येच फाटायचं. त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा म्हणायच्या. मी एकदा सुचवलं, "बाई, घसा बरा होऊ द्या. पुढच्या आठवड्यात ताज्या आवाजात घेऊ."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग उठून पंखा लावला. खोलीत वारा फिरला, कागद उडाले.

"पुढच्या आठवड्यात नाही होणार," त्या म्हणाल्या. "सोमवारी नाशिकला ऑपरेशन आहे माझं. स्वरयंत्र काढणार आहेत."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग बोलणार कशा?"

"नाही बोलणार." त्यांनी पदरानं गळा पुसला. "गाठ आहे आत. डॉक्टर म्हणाले, ती काढली तर बऱ्या व्हाल. जिवाचं काही नाही, आवाजाचं आहे. गळ्याला लावून बोलायचं यंत्रही मिळतं म्हणे. ते ऐकलं मी. भुंगा बोलल्यासारखं वाटतं. तेही शिकेन हळूहळू. पण तोपर्यंत वर्गात काय करू?"

"तुम्ही शिकवणार आहात?"

"मग काय करणार? हेडमास्तर म्हणतात, ग्रंथालय सांभाळा. कोठावदे सरांना अजून माहीत नाही, त्यांना कळलं की तेही हेच म्हणतील. चांगल्या मनानंच म्हणतील." मग त्या म्हणाल्या, "धडा काय, पुस्तकात असतो. तो फळ्यावर लिहिता येतो, तुझ्या व्हिडिओत दाखवता येतो. पण मुलानं काहीतरी उत्तर दिलं की लगेच 'का बरं' म्हणायला तोंड लागतं. ते फळ्यावर लिहीपर्यंत मूल विसरून जातं."

"मला आधी सांगायचं ना बाई."

"सांगितलं असतं तर तू माझ्या आवाजाकडे बघत बसली असतीस. मला वाक्यं कशी येतायत ते सांगणारं कुणीतरी हवं होतं." मग त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "आता मला सांग. एक बटण दाबलं की एक वाक्य वाजेल, असं काही तुझ्या या कॉम्प्युटरवर होतं का? मी आधीच विचारणार होते. म्हटलं, आधी माल भरून घेऊ, दुकान नंतर मांडू."

तसं तयार काही माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्नमंजूषा बनवायचं जे साधन आम्ही वापरायचो, त्यात उत्तराच्या चौकटीला आवाज जोडता यायचा. मूल चौकटीला हात लावतं आणि 'बरोबर' किंवा 'चूक' ऐकू येतं, एवढ्यासाठी ती सोय होती. मी एक पान केलं, त्यात प्रश्नच ठेवला नाही, नुसत्या चौकटी. प्रत्येक चौकटीमागे बाईंचं एक वाक्य.

शनिवारभर आम्ही ते मांडत बसलो. संस्थेतला एक जुना टॅबलेट मी कोठावदे सरांना विचारून घेतला. कशासाठी, ते बाईंनी स्वतः त्यांना सांगितलं. सर टॅबलेट द्यायला आले. नुसतं "चार्जर पण आहे" म्हणाले.

बाई मात्र कामात होत्या. डाव्या हातात टॅबलेट धरला तर अंगठा कुठवर पोचतो, हे त्यांनी करून बघितलं. 'का बरं' आणि 'हं' अंगठ्याखाली हवेत. 'शाब्बास' लांब ठेव, ते स्वस्त नको व्हायला. नावं दुसऱ्या पानावर, बाकांच्या रांगांप्रमाणे, कारण नाव वाचत बसायला वेळ नसतो, मूल कुठे बसलंय ते माहीत असतं. धड्यांचे प्रश्न तिसऱ्या पानावर, पुढच्या थांब्यासकट.

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "हे काय? मी नाशिकला चाललेय, काशीला नाही."

त्यांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतरच्या उपचारांत पावसाळा गेला, आणि बाई शाळेत आल्या त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर. मधल्या काळात त्यांचे मेसेज यायचे. "अमक्या बटणाचा आवाज लहान आहे, वाढवून दे." "पान उलटायला वेळ लागतो, काही करता येईल का?" एकदा नुसतं, "आज खूप प्रॅक्टिस केली. मुलगा म्हणाला, आई, तू पूर्वीपेक्षा जास्त बोलतेस."

त्यांनी वर्ग घ्यावा की ग्रंथालयात बसावं, याचा निर्णय हेडमास्तरांनी संस्थेवर सोडला होता आणि संस्थेनं कोठावदे सरांवर. सर म्हणाले, एक तास बघतो. मलाही बरोबर नेलं. शाळा धुळ्याबाहेर, साक्री रस्त्याला. आम्ही दोघं आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. सरांचे गुडघे बाकात मावत नव्हते.

बाई आल्या. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल, हातात टॅबलेट, टेबलावर छोटा स्पीकर. मुलं उभी राहिली. बाईंनी अंगठा हलवला.

"बसा," स्पीकर म्हणाला.

मुलं बसली, पण कुणी हललं नाही. इतका शांत आठवीचा वर्ग मी पाहिला नव्हता, आणि तो चांगला शांत नव्हता. मुलं बाईंच्या तोंडाकडे बघायची आणि आवाज टेबलावरून यायचा. पुढच्या बाकावरची एक मुलगी चक्क मान खाली घालून बसली होती.

बाईंनी टेबलाखालून एक छोटा माठ काढून वर ठेवला. बटण दाबलं.

"माठातलं पाणी गार का लागतं?"

आणि मग तो थांबा. मी तो ओळखत होते, बंद खोलीत कितीदा ऐकला होता. बाई माठाला टेकून उभ्या, घाई नाही. सर माझ्याकडे बघायला लागले. मी समोर बघत राहिले.

शेवटी खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "माती थंड असते."

"का बरं?" लगेच.

मुलगा दचकला. आवाज त्याच्याच उत्तराला आला होता. "म्हणजे... मातीच्या आतून पाणी बाहेर येतं ना."

"हं." पुढे बोल, असं म्हणणारं.

"बाहेरून ओला असतो माठ."

"दिगंबर," स्पीकर म्हणाला, दटावणारा. मागच्या बाकावर कुणीतरी ताडकन सरळ बसलं. वर्गात हसू फुटलं. "खिडकीतून बाहेर काय बघतोयस?" आणखी हसू. दिगंबर म्हणाला, "बाई, मी विचार करत होतो," आणि मग खरंच विचार करून म्हणाला, "ते बाहेर आलेलं पाणी वाळतं, वाळताना ते आतली उष्णता घेऊन जातं."

पुढे कल्याणी नावाच्या मुलीनं काहीतरी चुकीचं सांगितलं आणि बाईंचा अंगठा घसरला. "शाब्बास," स्पीकर म्हणाला. वर्ग हसला. बाईही हसल्या. खांदे हलले, डोळे मिटले, पण आवाज काहीच नाही, नुसता रुमालाखालून हलका फुस्कारा. मुलांचं हसू एकदम थांबलं. बाईंना ते कळलं. त्यांनी टॅबलेट छातीशी धरला. ह्याच्यासाठी आमच्याकडे बटण नव्हतं.

तेवढ्यात भिंतीकडेच्या रांगेतली एक लहानखुरी मुलगी उभी राहिली. तिच्या अंगावर दुसऱ्याच शाळेचा गणवेश होता. दिवाळीनंतर आलेली असावी.

"बाई, मग पावसाळ्यात का नाही होत एवढं गार? माठ तर तोच असतो."

मी चमकले. पुढचा प्रश्न तोच होता. तिसऱ्या पानावर, माझ्याच हातानं लावलेला, त्याच्यापुढचा थांबा सगळ्यात लांब. बाईंचा अंगठा त्याच चौकटीच्या जागेवर गेला होता, त्या जागा मला पाठ होत्या. त्यांनी तो उचलला. टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला, खडू घेऊन त्या मुलीच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या.

मुलगी फळ्यापाशी गोंधळून उभी. मग वर्गच बोलायला लागला. कुणी म्हणालं, पावसाळ्यात मातीच भिजलेली असते. कुणी म्हणालं, ऊन नसतं म्हणून. खडूवाली मुलगी एकेक लिहीत गेली, मध्येच "हे नाही पटत" म्हणून खोडत गेली. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "हवाच गार असते ना पावसाळ्यात. म्हणून फरक कळत नाही."

कोठावदे सर बोलले होते. सगळी मुलं मागे वळली.

"पण सर," ती मुलगी म्हणाली, "थंडीत पण हवा गार असते. थंडीत तर पाणी इतकं गार की माठाला हात लावत नाही."

दिगंबर म्हणाला, "पावसाळ्यात कपडे पण वाळत नाहीत." आणि ते म्हणताच तो स्वतःच थांबला, डोळे बारीक करून. उत्तर त्याच्या अगदी जवळ आलं होतं. बाई बाकावर हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होत्या, तेवढ्यात घंटा झाली.

वर्गाबाहेर व्हरांड्यात सरांनी बाईंना गाठलं. मला वाटलं, आता निर्णय सांगणार.

"बाई, मग नक्की कारण काय? हवेत आधीच पाणी असतं म्हणून माठातलं सुटत नाही, असं का?"

बाईंनी टॅबलेट सुलटा केला, शांतपणे एक बटण शोधलं आणि दाबलं.

"घरून विचार करून या."

सर मोठ्यानं हसले. ग्रंथालयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. बाईंनी निवृत्तीपर्यंत आठवीला शिकवलं. पुढे गळ्याला लावायचं ते यंत्रही त्या वापरायला शिकल्या, पण वर्गात बटणंच चालली. मी ती नोकरी नंतर सोडली. आता बोलता न येणाऱ्या लोकांसाठी अशीच पानं बनवते, हेच माझं काम झालं आहे, आणि त्याची सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं की मला तो तास आठवत नाही, त्यानंतरची मधली सुट्टी आठवते.

मी शिक्षकांच्या खोलीत चहा घेत होते. ती खडूवाली मुलगी दारात आली. बाईंकडे न बघता माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "त्यात माझं नाव नाहीये ना?"

"तुझं नाव काय?"

"यामिनी अहिरराव."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडला. बाईंची सगळी रेकॉर्डिंग होती माझ्याकडे. 'या इकडे' मधून 'या' घेतला. 'एक मिनिट' मधून 'मि'. 'सगळ्यांनी' मधून शेवटचा 'नी'. तिन्ही शेजारी लावले. यामिनी माझ्या खुर्चीमागे येऊन पडद्यावरच्या रेघा बघत उभी राहिली. सांधे दिसत होते, तिन्ही तुकड्यांची उंची वेगवेगळी. घासून-पुसून जमेल तेवढं सारखं केलं आणि टॅबलेटवर, भिंतीकडच्या रांगेत, एक नवीन चौकट टाकली.

बाईंनी ती दाबली.

"यामिनी." सुरुवात खणखणीत, मधलं अक्षर धावतं, शेवट वर्गाला उद्देशून लांबवलेला. बाईंनी नाक मुरडलं आणि समोरच्या कागदावर लिहिलं, 'घाईत हाक मारल्यासारखं झालंय. हिला पुन्हा करून दे.'

यामिनीनं कागद वाचला. "नको," ती म्हणाली. "राहू द्या तसंच. घरी पण मला अशीच हाक मारतात."